नव्वद टक्के झालंय की, मॅडम

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी दचकायला नको. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की सोलापूर फक्त उन्हाळ्यात तापतं, मी बाराही महिने. त्याला बोलायला काय जातंय? त्याचं नवी पेठेत कापडाचं दुकान आहे, गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून त्याची जीभच तशी वळलीय. माझी नोकरी बरोबर उलटी. मी एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग बघते. कुठलं काम कधी सुरू व्हायचं, कधी संपायचं, आजपर्यंत किती व्हायला हवं होतं आणि खरंच किती झालं, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरायचं आणि जे मागं पडलेत त्यांच्या मागं लागायचं. म्हणजे डोक्यात राख घालून घेण्याचाच पगार मिळतो मला.

आधी मी पुण्याच्या हेड ऑफिसात होते. सोमवारी पहाटेची गाडी पकडायची, शनिवारी रात्री परत. लेक बालवाडीत होती तेव्हापासून ती पहिलीत जाईपर्यंत हेच चाललं. तिचा पहिला दात पडला तो मी फोनवर बघितला. मग कंपनीला सोलापुरात मुलींच्या हॉस्टेलचं काम मिळालं आणि साइटपुरतं एक छोटं ऑफिस इथं उघडायचं ठरलं. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन अक्षरशः गळ घातली. मिळालं. पण साहेबांनी बजावून सांगितलं होतं, काम नीट चाललं तर ऑफिस राहील, पुढचीही कामं तिथूनच बघता येतील. रखडलं तर ऑफिस बंद आणि तुम्ही परत पुण्यात. म्हणजे ते हॉस्टेल वेळेत उभं राहिलं तर मी घरी, नाहीतर पुन्हा शनिवारची आई. एवढी साधी गोष्ट होती आणि माझा सगळा जीव त्यात अडकला होता.

आणि मला भेटले कोण, तर आमचे साइट इन्चार्ज. करमाळ्याकडचे, वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, उंचपुरे, कपाळावर आठी म्हणून नाही. साइटवर एक पत्र्याची शेड होती, तेच आमचं ऑफिस. संध्याकाळी मी तिथं टॅबलेट उघडून बसायचे आणि एकेक काम विचारायचे. तळमजल्याची फरशी किती झाली? "नव्वद टक्के झालंय की, मॅडम." पहिल्या मजल्याचं प्लास्टर? "नव्वद टक्के." रंग? "नव्वद धरा की." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

"अहो, गेल्या आठवड्यात पण नव्वदच होतं!"

"व्हय की."

"मग आठवडाभर केलंत काय?"

"काम केलं की मॅडम. त्याबिगर नव्वद ऱ्हातंय का?"

आता यावर काय बोलणार तुम्ही? माझी तळपायाची आग मस्तकात जायची आणि ते शांतपणे चहा मागवायचे. बरं, चहा इतका फक्कड असायचा की तो पिऊन झाल्यावर भांडायचा धागाच हातातून सुटायचा.

या नव्वदनं माझी झोप उडाली होती, कारण आमच्या सॉफ्टवेअरचा सगळा डोलारा त्या टक्क्यांवर उभा असतो. त्याला आमच्यात अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. कामानं कमावलेली किंमत. मी ती इन्चार्जना भाकरीवरून समजावली होती. समजा दुपारपर्यंत टोपलीभर भाकऱ्या व्हायला हव्यात, ती झाली योजना. आता किती पीठ मळलं, किती जळण लागलं, बाई किती घामाघूम झाली, ते सगळं बाजूला. तव्यावरून उतरून टोपलीत पडल्या किती? ती झाली कमाई. कमाई योजनेच्या बरोबरीनं असली तर सॉफ्टवेअरमधल्या बोर्डावर हिरवा रंग, थोडी मागं असली तर पिवळा, फारच मागं असली तर लाल. सगळे जर नव्वदच सांगत राहिले तर कमाई कागदावर फुगते आणि इमारत आहे तिथंच. मग एक दिवस फर्निचरचा ट्रक दारात येतो आणि आत ठेवायला खोलीच तयार नसते.

म्हणून एके दिवशी मी वैतागून पुण्याला कळवलं, की आमच्या साइटला शून्य-शंभरचा नियम लावा. हा नियम फार सरळ आहे. काम पुरं झालं तर शंभर, नाहीतर शून्य. मधलं काही धरायचंच नाही. शिवाय शंभर टाकायचं तर खोलीच्या चारही कोपऱ्यांचे फोटो जोडायचे. पुण्याचे साहेब खूश झाले, लगेच नियम लागू केला. मी शेडमध्ये सगळ्यांना जमवून ऐटीत सांगितलं, "आता नव्वद बंद. भाकरी झाली तर झाली, नाहीतर पीठ."

इन्चार्जनी डोकं खाजवलं. "लई कडक हाय की हे."

"असू दे कडक."

त्यानंतर महिनाभर मी वाट बघत होते, आज शंभर येईल, उद्या येईल. एकही येईना. विचारलं की इन्चार्ज म्हणायचे, "जरा ऱ्हायलंय की, मॅडम." तळमजला शून्य. पहिला मजला शून्य. आमचा बोर्ड कुंकवासारखा लालभडक झाला. कंपनीच्या बाकी सगळ्या साइट हिरव्यागार, आणि मधोमध सोलापूर. महिन्याच्या आढाव्याला व्हिडिओवर पुण्याचे साहेब दिसले. हे गृहस्थ कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळं जास्तच भीती वाटते. ते म्हणाले, "पुढच्या आढाव्यापर्यंत हा आकडा हलला नाही, तर सोलापूरचं ऑफिस बंद करू. तुमची जागा पुण्यात आहेच." आणि पुढच्या साइटकडं वळले. समोर स्क्रीनवर कुणीतरी नाशिकच्या पायऱ्यांबद्दल बोलत होतं आणि मला फक्त पहाटेचा प्लॅटफॉर्म दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॅबलेट काखोटीला मारला आणि इन्चार्जना म्हटलं, चला, खोली खोली दाखवा मला. तळमजल्याची पहिली खोली. गुळगुळीत फरशी, स्वच्छ भिंती, नळाला पाणी, पंखा फिरतोय. "अहो, मग हे शून्य का टाकलंत? ही खोली झालीय!"

इन्चार्जनी मागं वळून दार लोटलं. दाराआडच्या कोपऱ्यात एका फरशीची जागा मोकळी होती. खाली नुसता माल, वर धूळ. दार उघडं असलं की तो कोपरा दाराआड जातो, त्यामुळं इतके दिवस माझ्या नजरेलाच पडला नव्हता. आम्ही दुसऱ्या खोलीत गेलो. तिथंही दाराआड एक फरशी नाही. तिसऱ्या खोलीत नाही. मी पुढं पळत सुटले आणि धडाधड दारं लोटत गेले. सगळीकडं तेच.

"हा काय प्रकार आहे?"

"ते दिष्टीचं हाय मॅडम."

"कसलं?"

"दिष्ट. नजर. काम पुरं करायचं न्हाय. थोडं ठिवायचं. चाचांची रीत हाय."

चाचा म्हणजे आमचे फरशीचे मिस्त्री. सोलापुरातच वाढलेले, घरात पिढ्यान् पिढ्या हेच काम. त्यांच्या हातची फरशी बसली की पाणी ओतलं तर ते सरळ जाळीकडं चालू लागतं. बरं, चाचांचं एकवेळ समजू शकले असते. पण इन्चार्ज मला पुढं घेऊन गेले आणि एकेक दाखवू लागले. रंगाऱ्यांनी प्रत्येक कपाटाच्या आत तळहाताएवढा भाग रंगवायचा ठेवला होता. नळवाल्यानं प्रत्येक मोरीतल्या एका नळाची चकती लावली नव्हती. वायरमननं प्रत्येक खोलीत एका बटणाची झाकणी खिशात ठेवली होती.

"हे सगळे पण?"

"मग? नुसत्या फरशीला वाचवायचं आन भिंतीला दिष्ट लागू द्यायची? पोरं मंगळवेढ्याकडची हायती मॅडम, समद्यांना कळतंय. चाचांचं बघितलं आन समद्यांनी धरलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे इतके महिने जे नव्वद टक्के मी थाप समजत होते, ते तळमजल्यापुरतं तरी खरं होतं! आणि शून्य-शंभरच्या नियमात त्या खऱ्याचं शून्य झालं होतं. मला हसू पण आलं आणि रडू पण. पण हसायची ती वेळ नव्हती.

मी तडक चाचांकडं गेले. ते पहिल्या मजल्यावर बशीत चहा ओतून बसले होते. मी जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, बशी संपवली, मिशा पुसल्या आणि विचारलं, "झालं?"

"नाही झालं! दाराआडच्या फरश्या आज लावून टाका."

"नक्को बेटी. घर पूरा झालं म्हटलं की नजर लागते. आमच्या वालिदनी असंच केलं, मी बी असंच करतो. आखरी फरशी जो राहणार त्याच्या हातानं. मी फक्त माल कालवून देतो."

"अहो, पण इथं राहणार कोण? मुली अजून यायच्यात!"

"येतील की. आल्या की लावतील. काय मोठं काम आहे?"

"चाचा, त्या एवढ्याशा कामापायी माझं ऑफिस बंद होतंय!"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पुणे, शनिवार, लेक, सगळं. सांगताना माझा आवाज चिरकला, ते मला मुळीच आवडलं नाही. चाचांनी रिकामी बशी बाजूला सारली. मग हळू म्हणाले, "तुझ्यासाठी मी लावली असती गं. पण मग उद्या त्या पोरी राहायला येणार, त्यांचं? त्या पण कुणाच्या तरी लेकी." आणि जरा वेळानं मान वर करून, "तुझ्या त्या कंप्यूटरात नजरेचा रकाना नै क्या?"

"नाही!" मी ओरडले आणि जिना उतरून खाली आले. राग कुणावर काढावा तेच कळेना. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, खडसावून मोकळी झाले असते.

खाली इन्चार्ज तयारच होते. "मॅडम, मारा की शंभर. फोटो तीन कोपऱ्यांचा टाकू, चौथा पुन्हा पहिलाच. पुण्यात कोण बघतंय?"

खोटं कशाला बोलू, एक क्षण मोह झाला. बोट नुसतं फिरवायचं आणि बोर्ड हिरवा. पण तिसऱ्या मजल्यावर काय चाललं होतं ते मी त्याच सकाळी बघून आले होते. नियमाआधी तिथंही नव्वदच सांगत होते, आणि तिथं खिडक्यांचा पत्ता नव्हता. ते काही दिष्टीसाठी ठेवलेलं नव्हतं, सरळ सरळ रखडलेलं होतं. आज एका फरशीसाठी खोटा शंभर टाकला, तर उद्या खिडक्यांसाठीही टाकीन. मग माझ्या त्या बोर्डाला अर्थ काय राहिला? मी इन्चार्जना असं काही झापलं, की त्यांनी त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही.

शनिवारी दुपारी मी लेकीला घेऊन दुकानात गेले. तोंड सुतकी. नवरा एका मावशींना साडी दाखवत होता. चाळीस साड्यांचा ढीग उपसून त्यांनी शेवटी पहिलीच घेतली. नवऱ्यानं बिल केलं, पैसे घेतले आणि एक छोटी चिठ्ठी फाडून दिली. "फॉल-पिको गुरुवारी मिळेल, मावशी. ही वेगळी पावती." मावशी गेल्या. साडी तशीच गादीवर.

मी उगीच विचारलं, "ही विकली म्हणायची का?"

"विकली की."

"अरे, पण फॉल लागायचाय. साडी अजून इथंच आहे."

"फॉलचं काम वेगळं, त्याची चिठ्ठी वेगळी. साडी विकली ती विकली. फॉलसाठी थांबून बसलो तर दिवसभरात माझी एक साडी विकली जायची नाही."

मी ताडकन उठून "अगंबाई!" म्हणून ओरडले. दारातून आत येणारं एक जोडपं तसंच मागं फिरलं. नवरा अजून त्या गिऱ्हाइकाची आठवण काढतो.

दोन कामं! इतकं सोपं होतं. खोलीची फरशी हे एक काम, आणि दाराआडची शेवटची फरशी हे दुसरं. पहिलं झालं की त्याचे शंभर, अगदी खरे शंभर. दुसरं अजून शून्य, तेही खरं. कुणाला काही लपवायला नको आणि चाचांची रीतही मोडायला नको. रविवारी मी घरीच जेवणाच्या टेबलावर टॅबलेट घेऊन बसले आणि प्रत्येक खोलीची कामं फोडली. वर नाव दिलं, "फरशी, दाराआडची सोडून" आणि खाली, "शेवटची फरशी, राहणारीच्या हातानं". रंगाचं, नळाचं, बटणाचं तसंच. शेवटच्या फरशीला किंमत किती द्यायची, तर एका फरशीची असते तेवढीच, चिमूटभर.

पण मूळ योजनेत असा बदल करायचा तर पुण्याची मंजुरी लागते. मी साहेबांना सविस्तर लिहिलं. दिष्ट, चाचा, दाराआडचा कोपरा, काही लपवलं नाही. लिहिताना वाटत होतं, हे वाचून माणूस मला वेड्यात काढणार. उत्तर आलं, "मी येतो." बस्स, एवढंच. त्या दोन शब्दांनी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

साहेब सकाळच्या गाडीनं आले. बूट चकचकीत, स्वतःचं हेल्मेट बरोबर, बोलणं जवळजवळ नाही. इन्चार्जनी त्या दिवशी डोक्याला तेल लावून भांग पाडला होता. साहेब पहिल्या खोलीत शिरले आणि काही न विचारता मागं वळून दार लोटलं. कोपरा बघितला. दुसऱ्या खोलीत तेच. तिसऱ्या खोलीतही. कपाटात डोकं घालून रंग बघितला. नळ फिरवून बघितले. चेहऱ्यावर माशी हलत नव्हती.

तळमजला, पहिला, दुसरा झाला. जिन्यात मी वर जायला लागले तर इन्चार्जनी माझी ओढणीच धरायची बाकी ठेवली. "वर कशाला नेताय?" ते कुजबुजले. "साहेबांनी मागितलं का?"

"मागायला कशाला हवं? आपलंच आहे ना ते पण?"

तिसऱ्या मजल्यावर वारं भणाणत होतं. खिडक्यांच्या जागी नुसती भगदाडं. साहेब एका भगदाडापाशी उभे राहून बाहेर बघत राहिले आणि तसेच पाठमोरे म्हणाले, "इन्चार्ज, हे किती झालंय?"

इन्चार्जनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले. सवयीनं त्यांचे ओठ 'नव्वद'साठी वळलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले.

"शून्य, साहेब," ते म्हणाले. "खिडक्यांच्या माणसानं दगा दिला. म्या दुसरा बघितलाय."

साहेबांनी पहिल्यांदा मान हलवली.

खाली आल्यावर त्यांनी चाचांना बोलावून घेतलं. एका खोलीत दाराआडच्या कोपऱ्यापाशी नेलं. "एक लावून दाखवा बरं मला."

चाचांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब, तुम्ही राहणार का हितं?"

"मी?"

"जो राहणार त्यानं लावायची. पण हे तर मुलींचं हॉस्टेल आहे."

दाराबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, मेले, आता मंजुरी कसली नि काय. पण साहेबांनी नाक खाजवलं, आणि मी शपथेवर सांगते, ते हसू दाबत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्या या शेवटच्या फरशीला तारीख नाही दिसली मला."

"तारीख?"

"काम म्हटलं की तारीख. तारीख नसेल तर ती रीत, माझ्या योजनेत तिचं काम नाही."

मी चाचांकडं बघितलं, चाचांनी इन्चार्जकडं. तिथंच उभ्या उभ्या वाद घालून आम्ही ठरवलं, की मुली राहायला येतील ती सकाळ. मी टॅबलेटवर तारीख भरली. साहेबांनी माझ्या हातातून टॅबलेट घेतला आणि मंजुरीवर बोट ठेवलं. पुढं त्या तारखेला पोरी खरंच आल्या, बॅगा दारात टाकून सिमेंटनं हात बरबटून घेतले, चाचा या खोलीतून त्या खोलीत धावून धावून दमले, आणि संध्याकाळपर्यंत ती कामं एकूण एक शंभर झाली. पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही सगळे नुसते टॅबलेटवर वाकून उभे होतो. आकडे फिरले. लाल गेला. हिरवा मात्र आला नाही. तिसऱ्या मजल्यानं खोडा घातला होता. बोर्ड पिवळा झाला.

"पिवळा," साहेब म्हणाले. दुपारी त्यांनी भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, चटणी दोनदा मागून घेतली, आणि गाडीत बसताना सांगितलं, "ऑफिसचं शुक्रवारी कळवतो."

तोपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझ्या नवऱ्याला विचारा. मी घरात पंख्याच्या आवाजावरसुद्धा चिडत होते. पिवळा म्हणजे पास का नापास? हिरव्या साइटच्या रांगेत पिवळ्याला कोण विचारतो? गुरुवारी मी पुण्यातल्या जुन्या खोलीच्या मालकीणबाईंचा नंबर शोधून ठेवला, आणि मग स्वतःच्याच या शहाणपणाचा राग येऊन फोन आदळला.

शुक्रवारी दुपारी साहेबांचा फोन आला. "तुमचा पिवळा मी स्वतः बघून आलोय," ते म्हणाले. "बाकीचे हिरवे आता मला जाऊन बघावे लागणार, कारण तिथं कुणी मला तिसऱ्या मजल्यावर नेलं नव्हतं. सोलापूरचं ऑफिस राहू दे. याच्यानंतरचं काम पण तुम्ही तिथूनच बघा." मी "हो सर" म्हणाले, "थँक्यू सर" म्हणाले आणि फोन ठेवून शेडमध्ये मटकन बसले. जीव भांड्यात पडला. इन्चार्जना कळलं तेव्हा त्यांनी आधी माझ्यासाठी चहा मागवला आणि लगेच स्वतःसाठी दोन दिवसांची रजा मागितली. मी दिली. त्या दिवशी माझ्याकडं कुणी काहीही मागितलं असतं तरी मी देऊन टाकलं असतं.

घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि चष्मा पुसत राहिला. मग मी लेकीला जवळ घेतलं.

"मी आता पुण्याला जाणार नाही."

"सोमवारी?"

"सोमवारी नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी पण नाही. पक्कं झालं."

ती माझ्याकडं नीट बघत राहिली. मला वाटलं, आता उड्या मारेल, गळ्यात पडेल. तसलं काही नाही. हात धुऊन जेवायला बसली. मी तिच्या आवडीची म्हणून मुद्दाम कारल्याची भाजी केली होती. पुण्याहून शनिवारी यायचे तेव्हा रविवारी नेहमी करायचे. इवलीशी पोर, पण कधी तोंड वाकडं केलं नाही, ताट चाटूनपुसून स्वच्छ. मी शेजारणीपाजारणींना कौतुकानं सांगायचे, आमच्या बाईसाहेबांना कारलं आवडतं.

तिनं ताट पुढं ढकललं. "मला नको हे."

"अगं, कारलं आहे. तुझं आवडतं."

"नाही आवडत!" ती एकदम किंचाळली. "मला कधीच नाही आवडलं! कडू असतं! तू नेहमी कडूच करतेस!"

नवरा उठायलाच लागला, मी हातानं थांबवलं. "मग इतके दिवस खात कशी होतीस गं?"

"तू परत जायचीस ना!" तिचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांत पाणी, आवाज थेट माझ्यासारखा. "आणि पप्पा म्हणाले होते, अजून पक्कं नाही! मग मी कशी भांडू?"

इतके शनिवार, इतके रविवार, आणि इथं राहायला आल्यावरचेही सगळे महिने, ही पोर माझ्यासमोर पाहुण्यांसमोर बसावं तशी शहाण्यासारखी बसत होती आणि मी मूर्खासारखी खूश होत होते. रडू यायच्या आत मी आवाज चढवला, कारण मला तेवढंच नीट जमतं.

"कुणावर ओरडतेस गं? उद्या पण कारलंच करणार आहे! बघतेच कशी खात नाहीस!"

"कर की!" ती ताटावर चमचा आपटून म्हणाली. "उद्या पण भांडणार मी!"